ब्रिजित फोंतेनचा 'कॉम आ ला रादिओ' : याला जाझ म्हणायचं का?

रात्रपाळी
परवा या फ्रेंच गायिकेचा हा अल्बम पहिल्यांदा ऐकला. फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही, तरी पहिलं आठ मिनिटांचं गाणं लागोपाठ तीनदा लावलं. डबल बास एकच चाल घोळवत बसतो, मधेच ट्रंपेट, बासरी येऊन जातात आणि ही बाई गातेय का शेजारी बसून काहीतरी सांगतेय तेच कळेना. सगळीकडे जाझ म्हणून लिहिलंय कारण वाजवणारे आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो, म्हणजे अमेरिकन जाझ ग्रूप. पण मला काही तो जाझ वाटला नाही. मग हे संगीत आहे कुणाचं? आणि यानंतर काय ऐकू?

खर्ज
तुला बरोबर वाटलं. आर्ट एन्सेम्बलची मंडळी १९६९ मध्ये शिकागोहून पॅरिसला आली तेव्हा त्यांच्याकडे ड्रमर नव्हता, डॉन मोये हा ड्रमर १९७० मध्ये आला, या अल्बमनंतर. म्हणजे या अल्बमवरचा ठेका त्यांचा नाहीच, तो फोंतेनचा साथीदार आरेस्की बेलकासेमचा. आणि शीर्षकगीताची चालही त्याचीच! जन्म व्हर्सायचा, घर अल्जीरियातल्या कबाइल लोकांचं, त्यामुळे तालात जे उत्तर आफ्रिकेतलं ऐकू येतं ते तिथून आलंय, आणि आर्ट एन्सेम्बलचे लेस्टर बोवी, रॉस्को मिचेलसारखे लोक त्या तालावर आपलं वाजवणं आवरून घेतात, कुठे धावत सुटत नाहीत, मला तर हेच सगळ्यात आवडतं. कव्हरवर नाव फोंतेनचं, चर्चा शिकागोवाल्यांची आणि आरेस्की राहतो बाजूला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुपारची_उन्हं
मी फ्रेंच शिकतेय म्हणून शब्दांबद्दल सांगते. नावाचा अर्थ 'रेडिओवर असतं तसं'. ती आधी सांगत राहते की घाबरू नका, काही विशेष नाही, फक्त रेडिओसारखा आवाज असेल, आणि मग त्याच आवाजात, एक सूरही न चढवता, जगात थंडी आहे आणि काही ठिकाणी आगी पेटतायत कारण फारच थंडी आहे असं म्हणते. अर्थ लागला त्या दिवशी अंगावर काटा आला होता. फोंतेन मुळात नाटकातली, 'मामाँ जे पर' हे नाटक १९६६ मध्ये जाक हिजलॅं आणि रुफ्युसबरोबर केलेलं, त्यामुळे बोलायचं कुठे आणि गायचं कुठे हे तिला पक्कं ठाऊक आहे. एक गाणं तर चक्क ला तूर द कारोलच्या स्टेशनमास्तरला पत्र आहे, ते स्टेशन पिरेनीजमध्ये स्पेनच्या सीमेजवळ आहे.

रात्रपाळी
बापरे, हे काहीच माहीत नव्हतं. आज परत ऐकतो, फक्त ठेक्याकडे लक्ष देऊन.

खर्ज
हेडफोन लाव. पुढचं म्हणशील तर १९७४ चा 'लँसाँदी' घे, त्यावर फोंतेन आणि आरेस्की दोघांचंही नाव आहे आणि गाणी छोटी छोटी. मग १९७७ चा 'वू ए नू', तो डबल अल्बम आहे, सिंथसायझर वगैरे, एका दमात ऐकू नकोस.

दुपारची_उन्हं
आणि 'कॉम आ ला रादिओ'च्या आधीचा तिचा १९६८ चा अल्बम पण ऐक, जाँ-क्लोद व्हानिएचं अरेंजिंग आहे, खूप सजवलेला. तो लगेच आधी ऐकलास की एकाच वर्षात तिने किती काय काय काढून टाकलं ते कळतं. 'कॉम आ ला रादिओ'ची सीडी घेत असशील तर 'ल गुद्रों' हे गाणं असलेली बघ, ते त्याच काळातलं सिंगल आहे, नंतर जोडलंय.