मदत हवी आहे: काका कायमचे इंग्लंडला परत येतायत, घराचं आणि पेन्शनचं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. माझे मोठे काका (वय 78, ब्रिटिश नागरिक) तीसेक वर्षं लेस्टरमध्ये नोकरी करून 2012 मध्ये कोथरूडला स्थायिक झाले. काकू गेल्यावर आता त्यांना एकट्याने झेपत नाहीये. दोन्हीकडे स्वतःचं घर नाही. भारतात राहणाऱ्यांचं ब्रिटिश स्टेट पेन्शन वाढत नाही, त्यामुळे काकांना अजून 2012 च्याच दराने, आठवड्याला 107.45 पौंड मिळतात. परत आल्यावर ते चालू दराने मिळेल, हे माहीत आहे.

अडचण पुढे आहे. पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्या वृद्धांना मिळणारी सरकारी भर) आणि हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठी मदत) यांसाठी 'हॅबिच्युअल रेसिडन्स टेस्ट' द्यावी लागते, म्हणजे इथे खरोखर राहायला आलोय हे दाखवावं लागतं, पासपोर्ट ब्रिटिश असला तरी. अटेंडन्स अलाउन्सला (देखभालीची गरज असलेल्या वृद्धांसाठीचा भत्ता) तर मागच्या तीन वर्षांतली दोन इथे काढलेली हवीत, म्हणजे तूर्तास ते विसरा. काकांनी एक अख्खी बॅग जुन्या पी-60 नी (पगार आणि कराचे वार्षिक दाखले) भरलीय, पण मला वाटतं एकेरी तिकीट, जीपीकडची (इथल्या फॅमिली डॉक्टरकडची) नोंदणी, पुण्याचं भाड्याचं घर सोडल्याचा कागद हेच जास्त कामाला येईल. कोणी नुकतंच यातून गेलंय का? निकाल यायला किती दिवस लागले?

दुसरं, आमच्याकडे हॉलमध्ये गादी टाकून सोय होईल, पण कायमची नाही. शेल्टर्ड हाउसिंगसाठी (वृद्धांसाठीची, मदतीची सोय असलेली भाड्याची घरं) कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, ते येण्याआधीच अर्ज घेतात का? इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर 'लोकल कनेक्शन' (त्या भागाशी असलेलं नातं) पुतण्यामुळे धरतात, की फक्त मुलं-भावंडंच चालतात? लेस्टरकडच्यांनी जरूर सांगा, तिकीट अजून काढलेलं नाही.