खान्देशातले नौसैनिक आणि मागे राहिलेलं घर : आपापले अनुभव लिहा

आपल्याकडे समुद्र नाही. तापी, गिरणा, पांझरा, बोरी हेच आपलं पाणी. तरी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पोरं नेव्हीत गेली, आजही जातात. सीमेवरच्या जवानाबद्दल गावात बोललं जातं, जहाजावरच्या माणसाबद्दल कमी, आणि त्याच्या मागे ज्यांनी घर ओढलं त्यांच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. माझं मत स्पष्ट आहे : नोकरी एकाची लागते, पण ती अख्खं घर करतं. म्हणून निवृत्त नौसैनिकांनी लिहावंच, पण बायका, भाऊ, मुलं यांनी जास्त लिहावं. सुरुवात मी करतो.

अमळनेर तालुका, निवृत्त, इंजिनरूम

आमचा कोरडवाहू कापूस. दहावीनंतर भरती झालो. ओडिशात सरोवराकाठच्या आयएनएस चिल्काला पहिलं प्रशिक्षण, मग इंजिनाचं शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीला. तिथून लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर. ही जहाजं वाफेवर चालायची. बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी वाफ चारशे अंशांच्या वर तापलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. जोडातून बारीक गळती झाली तर फक्त शिट्टी ऐकू येते, समोर काहीच नसतं. तिथे हात गेला तर हात गेला. शिट्टी आली की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, वरिष्ठ गळती शोधून काढेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. रात्री बारा ते चारच्या मिडल वॉचला हे फार वेळा झालं.

पाण्याचं सांगायलाच हवं. समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून जहाजावर गोडं पाणी करतात. बॉयलरला अगदी शुद्ध पाणी लागतं, म्हणून पहिला मान त्याचा. मग स्वयंपाक, मग आमची आंघोळ. पाणी कमी पडलं की नळ ठरावीक वेळीच उघडायचे. त्याच उन्हाळ्यात गावी टँकर यायचा आणि माझी बायको पोर कडेवर घेऊन हंड्यांच्या रांगेत उभी असायची. तिने पत्रात हे कधी लिहिलं नाही. मला भावाकडून कळलं.

जहाज कुठेही असो, पत्राचा पत्ता एकच : मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. मायला लिहिता येत नव्हतं, ती धाकट्याला सांगून लिहवून घ्यायची. तिचा प्रश्न ठरलेला, "तुले पानीवर झोप लागस का रे?" लागते, असं मी दर वेळी कळवत राहिलो.

निवृत्तीनंतर भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात एका कंत्राटदाराकडे बॉयलरवरच काम केलं. तिथे कोळसा, जहाजावर तेल; पण वाफेचे नियम तेच. तरण्या पोरांना आधी शिट्टी ओळखायला शिकवलं.

शिरपूर, नौसैनिकाची पत्नी

आमचं लग्न झालं तेव्हा हे आयएनएस गोदावरी या युद्धनौकेवर होते. लग्नानंतर मुंबईत क्वार्टर मिळेपर्यंत मी सासरीच राहिले. १९८८ च्या नोव्हेंबरात रेडिओवर मालदीवची बातमी आली. तिथे भाडोत्री सैनिकांनी बंड केलं होतं, आपले पॅराट्रूपर विमानाने उतरले आणि ओलिसांना घेऊन पळणारं जहाज अडवायला नेव्ही गेली, त्यात गोदावरीचं नाव होतं. सासरे रेडिओ कानाला लावून बसले. आम्हाला विचारायला जागाच नव्हती, फोन तर गावातही नव्हता. पुढे पत्र आलं त्यात त्या मोहिमेचा एक शब्द नव्हता, दिवाळीला धाडलेला चिवडा मिळाला एवढंच होतं. मला तेवढं पुरलं.

कानबाईचं मात्र सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशची देवी, बसते. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. सासूबाई सगळ्यात आधी ह्यांच्या नावाची मूठ घ्यायच्या, घरात असलेल्यांची नंतर. जाऊबाईंनी एकदा विचारलं, थोरल्यांपासून का नाही घेत? त्या म्हणाल्या, जो दिसत नाही त्याची आधी. आता सासूबाई नाहीत. मुठी मी घेते, आणि माझा पुतण्या लडाखला आहे, त्याची पहिली घेते.

साक्री तालुका (आबा सांगतात, मी नातू टाइप करतोय)

आबा १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते, फ्लाइट डेकवर. विमान उतरलं की ते ढकलून जागेवर न्यायचं आणि साखळ्यांनी डेकला जखडायचं, हे त्यांचं काम. विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे जहाज पूर्ण वेगाने पळत नव्हतं. वेग कमी म्हणजे विमान उडायला समोरून लागणारा वारा कमी. तरी ४ डिसेंबरपासून सी हॉक आणि अलिझे विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, कॉक्स बाजारवर जात राहिली. "डेकवर जेवलो, डेकवरच पडलो," एवढंच ते सांगतात.

९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. आबांसोबत भरती झालेला एक मित्र त्यात होता. नेव्ही डेला, ४ तारखेला, आबा सगळ्यांच्या शुभेच्छा घेतात. ९ तारखेला स्वतः त्या मित्राच्या घरी फोन लावतात. आधी त्याच्या आईशी बोलायचे, मग भावाशी, आता पुतण्याशी. दीवचं खुकरीचं स्मारक पाहून आले, तिथे भिंतीवरची नावं त्यांनी बोट ठेवून वाचली, सगळी.

पाचोरा, निवृत्त, रायटर (कारकुनी) शाखा

माझा अनुभव कागदांचा आहे, म्हणून थोडक्यात. आमच्या गावातल्या एका दिवंगत नौसैनिकाच्या पत्नीला फॅमिली पेन्शनसाठी फार हेलपाटे घालावे लागले. कारण सेवेच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बाई शिकलेली नाही, दर वेळी नवा कागद मागितला गेला. कृपया हयातीतच नोंदीतलं नाव, आधार, बँक खातं जुळवून घ्या. खातं जोडीने ठेवा. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, कुठे आहे ते बायकोला दाखवा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चुकवू नका. ज्यांना जमत नाही त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं, किंवा मला लिहावं, मी सोबत येईन.

यावल तालुका, मुलगी

माझे पप्पा इलेक्ट्रिकल शाखेत. त्यामुळे जामनगर, विशाखापट्टणम, कोची, प्रत्येक ठिकाणी नवं केंद्रीय विद्यालय. सुट्टीत गावी केळीच्या बागेत आले की मी हिंदी बोलायचे आणि आजी रागवायची.

२००४ च्या डिसेंबरात आम्ही गावी निघायच्या तयारीत होतो. २६ तारखेला त्सुनामी आली आणि पप्पांचं जहाज मदतीचं सामान घेऊन श्रीलंकेला गेलं. परत आले तेव्हा त्यांच्या बुटांच्या शिवणीत चिखल वाळला होता. मम्मीने बूट धुतले. पप्पा काही दिवस जेवताना ताटातलं एक शीतही टाकू देत नव्हते, ओरडून नाही, शांतपणे आमच्या ताटातलं स्वतः खाऊन.

ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले त्याच वर्षी मी पुण्याला कॉलेजला गेले. याचं मला आजही वाईट वाटतं. आता ते माझ्या मुलाला रोज बालवाडीत सोडतात, आणायलाही तेच जातात, इतर कोणाला जाऊ देत नाहीत.

भडगाव तालुका, धाकटा भाऊ

दादा नेव्हीत, मी शेतात. त्याच्या मनीऑर्डरीवर विहीर खोदली, मोटर बसली, बहिणीचं लग्न झालं. कापूस बोंडअळीने गेला त्या वर्षी घर त्याच्या पगारावर चाललं. हे मी गावात सगळ्यांना सांगतो.

आमचे वडील आण्णा गेले तेव्हा त्याचं जहाज समुद्रात होतं. तार केली. थोरला तो असून अग्नी मी दिला. तो पोहोचला गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी, आणि आल्या आल्या मला म्हणाला, "तू व्हतास म्हणीसन मी नोकरी करी सकनू." भाऊबंद सगळे समोर बसलेले होते.

लोक विचारतात, तो आता पेन्शनवर आहे, मग वाटणी का करत नाही? गरज पडली नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. खताचा हिशेब तो ठेवतो, पेरणी मी ठरवतो, आणि यंदा दोघांच्या मताने अर्ध्या रानात मका लावला आहे.