गेटच्या कॅमेऱ्याचं १ टीबी कार्ड

बी-५०३: सेक्रेटरी साहेब, गुरुवार रात्रीचं गेटचं फुटेज तीन दिवस मागतेय. आज वॉचमन म्हणतो, फाइल दिसते पण उघडत नाही. १ टीबीचं कार्ड टाकलंय ना? मग फुटेज गेलं कुठे? गाडीचा आरसा कोणी तोडला हे मला कळलंच पाहिजे.

सेक्रेटरी: ताई, तुमचा त्रास कळतोय. कॅमेरा दोनदा बंद-चालू केला, फरक नाही. सी-२०४ यांना कार्ड बघायला दिलंय.

ए-१०१: कार्डाची पावती कोणाकडे आहे?

सी-२०४: कार्ड लॅपटॉपला लावून पाहिलं. यादीत गुरुवारच्या सगळ्या फाइल आहेत, १५-१५ मिनिटांच्या, प्रत्येकी २२५ एमबीच्या आसपास. चालवल्या की नुसता काळा पडदा. त्यातली रात्री पावणेबाराची फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडली, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शून्यंच शून्यं. म्हणजे कॅमेऱ्याने लिहिलं, कार्डाने "मिळालं" म्हणून सांगितलं आणि ठेवलं काहीच नाही. कार्ड बनावट क्षमतेचं आहे असा माझा दाट संशय आहे.

खजिनदार: बनावट कसं? कॅमेऱ्यात १ टीबी दिसतं, कॉम्प्युटरवर १ टीबी दिसतं. फॉरमॅटसुद्धा झालं होतं. कमिटीवर शंका घ्यायची असेल तर सरळ मीटिंगमध्ये घ्या.

सी-२०४: साहेब, शंका कमिटीवर नाही, कार्डावर आहे. किती जागा आहे हा आकडा कार्डाच्या आतला कंट्रोलर सांगतो. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत भरलेला प्रोग्रॅम, बदललं की ६४ जीबीची चिप स्वतःला १ टीबी म्हणवून घेते. फॉरमॅट करणारा प्रोग्रॅमही त्यालाच विचारतो, त्यामुळे फॉरमॅट सुरळीत होतं. खरी जागा भरेपर्यंत सगळं नीट चालतं. त्यानंतरचं लिखाण एकतर हरवतं नाहीतर जुन्या डेटावर जाऊन बसतं, आणि एररही येत नाही. म्हणूनच पहिले दोन-तीन दिवस फुटेज व्यवस्थित दिसत होतं.

ए-३०२: पण कॉम्प्युटरवर ९३१ जीबीच दिसतंय. ६९ जीबी तिथेच मारले की!

सी-७०१: नाही हो, ९३१ बरोबर आहे. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्य इतके बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. तेवढेच बाइट तिथे ९३१ दिसतात. अस्सल कार्डावरही हेच दिसेल. या आकड्यावरून अस्सल-नकली काहीच ठरत नाही.

ए-१०१: पावती कोणाकडे आहे?

बी-५०३: माझं फुटेज परत मिळेल का ते सांगा आधी. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर असतं ना?

सी-२०४: ताई, खरं सांगतो, कार्डावरून नाही मिळणार. डिलीट झालेली फाइल परत येऊ शकते, कारण ती एकदा लिहिली गेलेली असते. ही लिहिलीच गेली नाही. रिकव्हरीवर पैसे घालवू नका. कार्डावरचं मी काहीही पुसलेलं नाही. जेवढ्या फाइल चालतात त्या वेगळ्या डिस्कवर काढून ठेवल्यात.

सी-७०१: सेक्रेटरी साहेब, कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये "अलर्ट" उघडून बघा. हालचाल दिसली की बरेच कॅमेरे एक फोटो सर्व्हरवर पाठवतात, तो कार्डावर अवलंबून नसतो. गुरुवारची तारीख निवडा. आजच बघा, जुने अलर्ट ठरावीक दिवसांनी आपोआप जातात.

बी-१०२: तोपर्यंत ग्रुपवर रोज सकाळी फुलं टाकणाऱ्यांनीही आपापल्या फोनची जागा तपासून घ्या 😀

ए-३०२: माझ्या फुलांचा इथे काय संबंध? आणि कामाचं बोलतोच. पॉवर बँकची ग्रुप ऑर्डर आज रात्री बंद करतोय. ५०,००० एमएएच, वजन फक्त २३० ग्रॅम. अकरा नावं आली आहेत. ऑफरची शेवटची दहा मिनिटं उरलीत, लिंक पुन्हा टाकतो.

सी-७०१: काका, थांबा, ती ऑर्डर कृपया करू नका. १८६५० सेल (पॉवर बँकेत असतो तो गोल, लांबट सेल) चांगल्यातला चांगला ३,५०० एमएएचच्या आसपास असतो आणि एकेक सेल ४५ ग्रॅमच्या वर भरतो. ५०,००० साठी असे १५ सेल लागतात. नुसत्या सेलचंच वजन ६७५ ग्रॅमच्या पुढे. चपटे सेल असले तरी २३० ग्रॅममध्ये हे बसत नाही. शिवाय खरंच ५०,००० असेल तर ३.७ व्होल्टने गुणून १८५ वॉट-अवर होतात. विमानात १०० पर्यंत चालतं, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर प्रवाशाला नेताच येत नाही.

आणि ती दहा मिनिटं. लिंक इनकॉग्निटो विंडोत उघडा, म्हणजे साइटला तुम्ही नवीन वाटता. घड्याळ पुन्हा ९:५९ पासून सुरू होतं. मी आत्ता तीनदा करून पाहिलं.

ए-३०२: चार हजार लोकांनी पाच-पाच स्टार दिलेत, ते सगळे खोटे का?

सी-७०१: सगळे खोटे असतील असं नाही, पण ते या वस्तूचे आहेत का ते बघा. रिव्ह्यू "नवीन आधी" असे लावा आणि लोकांनी टाकलेले फोटो उघडा. या पानावर जुन्या फोटोंत मोबाइलची कव्हरं दिसतायत. जुनं पान तेच ठेवून आतली वस्तू बदलली की आधीचे स्टार तसेच राहतात. मी तरी आधी तीन स्टारवाले वाचते. काय चाललं आणि काय नाही हे तिथेच नीट लिहिलेलं सापडतं.

सी-२०४: जाहिरात सोशल साइटवर दिसली असेल तर अजून एक करा. फेसबुक-इन्स्टाग्रामची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. पेजचं नाव टाकलं की सध्या चालू असलेल्या जाहिराती आणि त्या कधी सुरू झाल्या ते कळतं. चार दिवसांपूर्वी सुरू झालेली जाहिरात, नाव बदललेलं पेज आणि बंद केलेल्या कमेंट्स, हे तिन्ही एकत्र दिसलं तर मी पैसे भरणार नाही.

ए-१०१: पावती कोणाकडे आहे?

बी-१०२: माझी २०,००० ची पॉवर बँक नावाजलेल्या कंपनीची आहे. ५,००० चा फोन चार वेळा चार्ज व्हायला हवा ना? होतो तीनदाही नाही. मग तीही नकलीच?

सी-७०१: नाही, ती ठीक आहे. २०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ७४ वॉट-अवर. ते ५ व्होल्टवर चढवताना काही जातात, फोन चार्ज होताना आणखी काही जातात. फोनला साधारण २२ लागतात धरा आणि बँकेतून ६३ च्या आसपास बाहेर येतात. म्हणजे पावणेतीन वेळा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" छापलेली असते, खरेदी करताना ती वाचायची.

ए-३०२: ठीक आहे, ऑर्डर थांबवतो. पण इतकं माहीत होतं तर परवा लिंक टाकली तेव्हाच बोलायचं होतं.

सी-७०१: काका, परवाही लिहिलं होतं. वर सरकवून बघा, तुमच्या फुलांच्या वर आहे.

सेक्रेटरी: कृपया वाद नको. बी-५०३ ताई, ॲपमध्ये गुरुवार रात्री ११:४८ चा अलर्ट सापडला! फोटोत एक टेम्पो मागे येताना दिसतोय. ग्रुपवर टाकू का?

बी-५०३: देव पावला! टाका टाका.

सी-२०४: ग्रुपवर नको साहेब, ताईंना एकटीला पाठवा, आणि "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की दाबून लहान होतो आणि नंबर प्लेट वाचता येत नाही. कोणीही तो सोशल साइटवर चढवू नका. टेम्पोवाल्यानेच तोडला हे अजून ठरलेलं नाही.

खजिनदार: नवीन कार्ड कोणतं घ्यायचं ते लिहून द्या. पुन्हा माझ्यावर यायला नको.

सी-२०४: देतो साहेब. आपला कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे पाव एमबी लिहितो (८ बिटांचा एक बाइट). दिवसाला झाले २१.६ जीबी. २५६ जीबीत साधारण ११ दिवस बसतात, तेवढे पुरे. कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबी घेतो ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. कार्डावर "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं हवं, कारण इथे रात्रंदिवस लिखाण चालतं आणि साधं कार्ड लवकर झिजतं. व्ही३० वगैरे वेगाच्या मागे लागू नका. ते सेकंदाला ३० एमबीसाठी असतं, आपल्याला पाव एमबी लागतं.

आल्यावर कॅमेऱ्यात टाकायच्या आधी माझ्याकडे द्या. कार्ड तपासायचे प्रोग्रॅम आहेत: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. दोन्ही फुकट आहेत. कार्ड रिकामं करून काठोकाठ भरायचं आणि सगळं परत वाचून ताडून पाहायचं. अर्धवट भरून थांबलात तर बनावट कार्डही पास होतं.

ए-१०१: पावती कोणाकडे आहे? दोन तासांत चौथ्यांदा विचारतोय.

खजिनदार: माझ्याकडे आहे काका, ईमेलमध्ये. माफ करा, मघाशीच सांगायला हवं होतं. परत करायची मुदत परवा संपते.

ए-१०१: म्हणूनच विचारत होतो.

सी-२०४: काका, फार बरं झालं. मग आज रात्रीच चाचणी लावतो. चालणाऱ्या फाइलची प्रत आहेच, म्हणून कार्ड आता फॉरमॅट करतो. सेकंदाला २० एमबी धरले तर १ टीबी भरायलाच १४ तास आणि वाचायचे तास वेगळे. बनावट ठरलं तर निकालाच्या खिडकीत "डेटा लॉस्ट" आणि खरी जागा किती तेही येतं. त्याचा स्क्रीनशॉट, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि पावती असं एकत्र जोडून तक्रार टाकू. खजिनदार साहेब, पावती मला फॉरवर्ड करा. सी विंगची लाइट उद्या दुपारी घालवणार असाल तर आधी सांगा, मध्येच लॅपटॉप बंद पडला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

सेक्रेटरी: टाकी साफ करणारे उद्या येणार होते, त्यासाठी दुपारी लाइट बंद राहणार होती. त्यांना परवा बोलावतो.