रॅटला मराठीत काय म्हणावं: हेर, फितूर की हस्तक?

सायबर सुरक्षेवर मराठीत लेख लिहितोय. रिमोट अ‍ॅक्सेस ट्रोजन, म्हणजे रॅट, हा फसवून आत शिरणारा आणि दुरून आपला संगणक चालवू देणारा घातक प्रोग्राम. याला मी 'दूरप्रवेशी ट्रोजन' लिहिलं. वाचून कुणालाच काही कळलं नाही. 'हेर' चालेल का? की 'फितूर'?

— फितूर नको. फितूर आधी आपला असतो, मग शत्रूला मिळतो. रॅट आपला कधीच नव्हता.

'हेर' जवळचा, पण अपुरा. २००९ मध्ये टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी घोस्टनेट हे सायबर हेरगिरीचं जाळं उघडकीला आणलं. १०३ देशांतले किमान १,२९५ संगणक त्यात सापडले होते, दलाई लामांच्या कार्यालयातलेसुद्धा. तिथला घोस्ट रॅट फायली तर पळवायचाच, शिवाय दुरून हुकूम आला की मायक्रोफोन आणि कॅमेरा सुरू करू शकायचा. हेर बातमी काढतो. दुसऱ्याच्या हुकमावरून आपल्या घरात हात चालवतो तो हस्तक. मला हाच शब्द चपखल वाटतो, कारण रॅटचं सगळं वर्तन हुकमाभोवती फिरतं.

बंदिस्त आभासी मशीनवर (संगणकातच सॉफ्टवेअरने तयार केलेल्या वेगळ्या संगणकावर) घोस्ट रॅट चालवला की तो धन्याच्या, म्हणजे हल्लेखोराच्या, सर्व्हरशी जोडणी करायला धावतो आणि विंडोजची आवृत्ती, संगणकाचं नाव, कॅमेरा आहे की नाही हे कळवतो. मूळ आवृत्तीत प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला रोमन लिपीतला 'घोस्ट' हा पाच अक्षरांचा शब्द असतो, त्यात 'ओ'च्या जागी शून्य. पुढचा मजकूर आकुंचित केलेला. नंतरच्या कित्येक अवतारांनी ही पाच अक्षरं बदलली, म्हणून नुसत्या अक्षरांवर विसंबू नये, चाल ओळखावी. या पहिल्या निरोपाला 'वर्दी' म्हणा. मग ठरावीक वेळाने 'मी आहे' असं कळवत राहणं, ती 'हजेरी'.

— हस्तक पटला. पण तो फसवून आत येतो, ते या शब्दात येत नाही.

— ते 'ट्रोजन'मध्ये आहे, तो शब्द राहू द्या. खरं तर ट्रोजन म्हणजे ट्रॉयचे लोक, फसले ते. घोडा ग्रीकांचा होता. पण शब्द रुळलाय.

— आणि 'वर्तन' की 'वागणूक'?

— वर्तन. वागणूक कुणाशी तरी असते, कुणाला तरी दिली जाते.

— आभारी आहे. वाक्य असं बदललं: 'हा हस्तक आधी वर्दी देतो, मग हजेरी लावत हुकमाची वाट पाहतो.'