क्लोरोब्युटॅनॉल: आय ड्रॉप्समधला अ‍ॅसे सहा महिन्यांत घसरतो, दोष कुठे?

प्रश्न (थेंब_ड्रॉप्स):
प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन) क्लोरोब्युटॅनॉल ०.५ टक्के, पीएच ७.०. बल्क (सगळं द्रावण एकत्र) १२१ अंशांना १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) एलडीपीई (मऊ प्लास्टिक) बाटल्यांत भरतो. पहिल्याच दिवशी अ‍ॅसे (लेबलवरच्या प्रमाणापैकी प्रत्यक्ष मोजलेलं क्लोरोब्युटॅनॉल) ८४ टक्के, सहा महिन्यांनी ६१. क्लोरोब्युटॅनॉल बनतं कसं? मुळात कच्च्या मालातच खोट असेल का?

उत्तर १ (रिअ‍ॅक्टरवाला):
अ‍ॅसिटोन भरपूर जास्त घेऊन त्यात क्लोरोफॉर्म, आणि शून्याखाली ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची पूड थोडीथोडी. अल्कली क्लोरोफॉर्मचा प्रोटॉन काढते, उरलेला ट्रायक्लोरोमिथाइल आयन अ‍ॅसिटोनच्या कार्बोनिलवर बसतो. तापमान चढलं की अ‍ॅसिटोन आपसातच जुळून माल पिवळा पडतो. नंतर गाळून, आम्लाने उदासीन करून, अ‍ॅसिटोन उडवून बर्फाच्या पाण्यात ओततात. कापरासारख्या वासाचे पांढरे स्फटिक मिळतात. म्हणूनच अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्मचा कचरा एका कॅनमध्ये कधीच टाकू नका. अल्कलीचा अंश असला तर कॅन फुटतो.

लेबलवर निर्जल आहे की हेमिहायड्रेट (दोन रेणूंमागे पाण्याचा एक रेणू असलेलं), तेही बघा. निर्जल ०.५ ग्रॅमसाठी हेमिहायड्रेट ०.५२५ ग्रॅम लागतं. हेमिहायड्रेटही ०.५ ग्रॅमच घेतलं, तर एवढ्यानेच पाच टक्के जातात.

उत्तर २ (क्यूसी_टेबल):
माल नाही, पीएच आणि बाटली बघा. २५ अंशांना याचं अर्धायुष्य (निम्मा माल तुटायला लागणारा वेळ) पीएच ३ ला सुमारे ९० वर्षं, ७.५ ला जेमतेम तीन महिने. अल्कलीत एक रेणू तुटला की अ‍ॅसिटोन, कार्बन मोनॉक्साइड आणि तीन क्लोराइड बाहेर पडतात. बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) कमकुवत असेल तर पीएचही खाली सरकतो. ऑटोक्लेव्हमध्ये पीएच ५ लाही सुमारे ३० टक्के जातं, कारण ते वाफेबरोबर उडतं.

खरा निवाडा मुक्त क्लोराइड (रेणूतून सुटून द्रावणात आलेलं क्लोराइड) करतो. आधी थेट सिल्व्हर नायट्रेटने मोजा, मग सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळून पुन्हा. फरकातल्या ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटच्या प्रत्येक मिलिलिटरला ५.९१५ मिग्रॅ निर्जल क्लोरोब्युटॅनॉल. मुक्त क्लोराइड वाढलं तर हायड्रोलिसिस (पाण्यात रेणू तुटणं). वाढलं नाही तरी अ‍ॅसे घसरला, तर ते प्लास्टिकमधून निघून गेलं. पहिली मोजणी टाळली तर तुटलेला मालही शाबूत दिसतो, आणि ही चूक फार होते. सोल्युशनमध्ये मीठ असेल तर त्याचंही क्लोराइड मोजलं जातं, म्हणून जीसीच (गॅस क्रोमॅटोग्राफी) बरी.

उत्तर ३ (रिअ‍ॅक्टरवाला):
उपाय: औषधाला चालत असेल तर पीएच ५ च्या आसपास, बंद भांड्यात विरघळवणं, ऑटोक्लेव्हऐवजी ०.२२ मायक्रॉन फिल्टर, आणि काचेची बाटली. रबराचा बूचही ते शोषतो, त्यामुळे बूच लावून वेगळी स्टॅबिलिटी (टिकाऊपणाची चाचणी) ठेवा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका: १२५ भाग पाण्यात एक भागच विरघळतं, ०.५ टक्के म्हणजे जवळजवळ काठोकाठ. गारठ्यात तळाशी स्फटिक बसले की वरच्या थेंबांत प्रिझर्व्हेटिव्ह उरत नाही.