गाणी फुकट वाटा म्हणणारे कलाकार : बरोबर का चूक?

पेठेतला डफ : आमच्या पोवाड्याच्या पार्टीनं यंदा सगळी रेकॉर्डिंग मोकळी सोडली, डाउनलोड करा, व्हॉट्सॲपवर फिरवा, पेनड्राइव्ह भरून ट्रॅक्टरवर लावा, फक्त पार्टीचं नाव पुसू नका एवढंच सांगितलंय. इंग्लंडच्या रेडिओहेड बँडनं २००७ ला अख्खा अल्बम नेटवर ठेवून किंमत ऐकणाऱ्यावर सोडली होती, शून्य टाकलं तरी मिळायचा. आमच्याकडं तर लगेच दोन नव्या गावच्या कार्यक्रमाच्या सुपाऱ्या आल्या. शाहिराचं पोट सुपारीवरच चालतं, गाणं पोचलंच नाही तर बोलवणार कोण?

हार्मोनियमवाला : भावा, रेडिओहेडचं नाव आधीच जगभर झालं होतं, ते पण कंपनीच्या पैशावर. आणि सुपारी शाहिराला येते, गीत लिहिणाऱ्याला कोण देतं? २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला तो ह्याच्यासाठीच, सिनेमाच्या गाण्याचे हक्क कंपनीला लिहून दिले तरी ते दुसरीकडं वाजलं की गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सुटू नये म्हणून. मी वीस वर्षं साथ करतोय, स्टुडिओत दिवसभर बसायचं आणि हातात वडापाव, हे लई बघितलंय. फुकट द्यायचं तर ज्याचं ज्याचं आहे त्या प्रत्येकाला विचारून द्या की.

रंकाळाकाठ : मला मोकळं सोडलेलंच बरं वाटतं. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायचे, देवल क्लबसारखी गाण्याची संस्था असलेल्या कोल्हापुरात राहतो आपण, पण त्यांचा आवाज ऐकायचा म्हटलं तर रेकॉर्डिंगच नाही, मला ह्याचं फार वाईट वाटतं. त्यांच्या शिष्या केसरबाईंची भैरवी तबकडीवर होती म्हणून १९७७ ला नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. चार लोकांकडं असलं तरच टिकतं.

हार्मोनियमवाला : पण ती तबकडी लोक विकतच घ्यायचे. रेकॉर्ड करणं वेगळं आणि फुकट वाटणं वेगळं, दोन्ही एकात घालू नका.

पेठेतला डफ : हे पटलं. आमची दोन गीतं मामांनी लिहिलेली आहेत आणि त्यांना विचारलं नव्हतं, घरचाच माणूस म्हणून गृहीत धरलं, चुकलंच माझं. उद्या जातो. नको म्हणाले तर ती दोन काढतो, बाकीची मोकळीच राहणार.

हार्मोनियमवाला : काढून उपयोग नाही आता, कालच कागलजवळ उसाच्या ट्रॉलीवर ऐकली मी. त्या दोन सुपाऱ्यांतनं मामांचा वाटा दे, आणि मागं सुरात सूर मिसळून झील धरणाऱ्या पोरांचा पण.