प्रतिसाद: इन्स्टावरची पोरं आणि आपलं स्केचबुक

वर एकानं लिहिलंय की इन्स्टावर दहावीतली पोरं एवढी भारी पोर्ट्रेट काढालेत की आपलं स्केचबुक उघडूच वाटत नाही. अहो पण ती पोरं फायनल चित्र तेवढं टाकतात, आधीची खोडाखोड कोण टाकतंय? आणि तुलना करू नका म्हणून काय ती थांबत नाही बघा, मी अजून करतोय, फक्त आता ज्याचं आवडलं त्यातला नुसता एक डोळा नाहीतर सावली घेऊन बसतो, पेन्सिल कुठं दाबलीय, रेघ कुठं सोडून दिलीय ते बघत. बेळगावात असाल तर किल्ल्यातल्या कमल बस्तीत जावा, बस्ती म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातली, 1204 सालची, छताला दगडी कमळ आहे. अख्खं काढायला गेला तर वाट लागणार, मान अवघडते ती वेगळीच. एकच पाकळी घ्या, तिची कड कुठं वळते, सावली कुठं गडद होते एवढंच, पुढच्या रविवारी परत तीच. पानावर तारीख टाका, खोडरबर घरी ठेवा. माणसं काढायची असतील तर संध्याकाळी खडेबाजारात उभं राहून दोन-दोन मिनिटात जमेल तेवढं, गिऱ्हाईक हललं की पान पलटायचं.